गोळीतील मात्रा आणि रक्तातील मात्रा : प्रस्तावना

एचआयव्हीची लागण झालेल्या व्यक्तीने रोज एक गोळी घ्यावी आणि त्या गोळीच्या आधारे चारचौघांसारखे आयुष्य जगावे, ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की त्या गोळीमागे काय काय गृहीत धरलेले असते याचा विचार सहसा कोणी करीत नाही. डबीवर नाव छापलेले औषध गोळीत खरोखर आहे, ते छापलेल्याच मात्रेत आहे, वैशाख महिन्यात पत्र्याच्या छताखाली पडून राहूनही ते टिकले आहे, पोटात गेल्यावर ते रक्तात उतरते आणि दुसऱ्या दिवशीची गोळी घेईपर्यंत त्याची रक्तातील पातळी एका किमान मर्यादेच्या खाली जात नाही, ही सारी विधाने ऐकायला सोपी असली तरी त्यांतील एकही मोजल्यावाचून खरे मानता येत नाही. पदार्थात काय आहे आणि किती आहे हे ठरविणाऱ्या शास्त्राला वैश्लेषिक रसायनशास्त्र म्हणतात. एचआयव्हीच्या उपचाराचा इतिहास सांगताना विषाणू शोधणारे, रुग्णांची सेवा करणारे आणि औषध स्वस्त करणारे यांची नावे घेतली जातात, आणि ती घेतलीच पाहिजेत. तथापि औषध स्वस्त झाल्यावरही ते औषधच राहिले आहे याची हमी ज्यांनी दिली, त्या मोजणाऱ्यांचे काम बहुधा तळटीपेतही येत नाही. प्रस्तुत विषयाची ओळख त्या कामाच्या बाजूने करून द्यावयाची आहे.

फलटण आणि आसपासच्या तालुक्यांतील वाचकाला हे शास्त्र वाटते तितके परके नाही. उसाच्या रसातील विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण म्हणजे ब्रिक्स आणि त्यातील साखरेचे प्रमाण म्हणजे पोल, ही दोन्ही मोजमापे साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गळीत हंगामभर चालू असतात, त्यांवरून साखरेचा उतारा ठरतो आणि उसाचा दर उताऱ्याशी बांधलेला असल्यामुळे दशांश चिन्हानंतरच्या आकड्याला किती वजन असते हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. पोल मोजण्यासाठी जे उपकरण वापरतात, त्यात एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश साखरेच्या द्रावणातून पाठवितात आणि ते प्रतल उजवीकडे किती अंशांनी वळले हे पाहतात. साखरेचा रेणू आणि त्याची आरशातील प्रतिमा एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, म्हणून हे वळणे घडते. एचआयव्हीवरील लॅमिव्हुडिन या औषधाचे गुपितही यातच आहे. हा रेणू प्रथम उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही रूपांच्या मिश्रणात तयार झाला, पुढे ती रूपे वेगळी केल्यावर प्रकाशाचे प्रतल डावीकडे वळविणारे रूप विषाणूला तितक्याच जोराने अडविते, मात्र शरीरातील पेशींना त्याचा अपाय पुष्कळच कमी होतो असे दिसले, आणि तेच एक रूप औषध म्हणून स्वीकारले गेले. त्यामुळे लॅमिव्हुडिनच्या प्रत्येक बॅचमध्ये दुसरे रूप मिसळलेले नाही ना, हे तपासावे लागते. कारखान्यातील रसायनतज्ज्ञ आणि औषध कंपनीतील रसायनतज्ज्ञ यांच्यातील फरक तत्त्वाचा कमी आणि प्रमाणाचा अधिक आहे: उसात साखर शंभरात बारा-चौदा भाग असते, तर रुग्णाच्या रक्तातील औषध एका मिलिलिटरमध्ये काही मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही दशलक्षांश इतकेच असते आणि घातक अशुद्धींचा शोध याहूनही खाली जाऊन घ्यावा लागतो.

एड्स या रोगाची पहिली नोंद अमेरिकेत 5 जून 1981 रोजी प्रसिद्ध झाली आणि 1983 मध्ये पॅरिस येथील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रांस्वाझ बारे-सिनूसी व ल्यूक मोंतान्ये यांच्या गटाने विषाणू वेगळा केला, हा इतिहास सर्वपरिचित आहे. भारतातील पहिला पुरावा 1986 मध्ये चेन्नईत मिळाला. मद्रास मेडिकल कॉलेजमधील सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. सुनीती सोलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने जमविले, त्यांची तपासणी वेल्लोर येथे झाली आणि भारतात हा रोग येणार नाही या समजुतीचा तेथे शेवट झाला. सुनीती सोलोमन या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घराण्यातील. पुढे 1993 मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या वायआरजी केअर या संस्थेच्या नावातील पहिली तीन अक्षरे त्यांच्या वडिलांची आहेत. महाराष्ट्रातील प्रसिद्धीत त्यांचे नाव फारसे घेतले गेले नाही, हे नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

महाराष्ट्रात या विषयाचे शास्त्रीय केंद्र पुण्याजवळ भोसरी येथे 1992 मध्ये स्थापन झाले, ते राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाने. (इंग्रजी आद्याक्षरांमुळे तिला ‘नारी’ म्हणत, फलटणला मात्र ‘नारी’ म्हणजे बी. व्ही. निंबकरांनी 1968 मध्ये स्थापन केलेली कृषी संशोधन संस्था, आणि या दोन संस्थांचा परस्परांशी काही संबंध नाही.) भोसरीच्या संस्थेतील डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास करून 1997 मध्ये जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्याने सार्वजनिक चर्चेची दिशा बदलली. देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांतही 13.6 टक्के जणींना लागण झाली होती आणि त्यांतील बहुतेक विवाहित होत्या व पतीखेरीज कोणाशीही त्यांचा संबंध आलेला नव्हता. दक्षिण महाराष्ट्राच्या दृष्टीने या निष्कर्षाचा अर्थ गंभीर होता, कारण सातारा जिल्ह्याचा मुंबईशी संबंध गिरणगावाच्या काळापासूनचा, पुरुष शहरात आणि कुटुंब गावी ही रीत जुनी, आणि पुणे-बंगळूर महामार्ग जिल्ह्याच्या मधून जाणारा. सांगलीत त्याच 1992 साली मीना शेषू यांच्या पुढाकाराने ‘संग्राम’ या संस्थेचे काम सुरू झाले आणि गोकुळनगरातील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनीच निरोध-वाटपाची व परस्परशिक्षणाची जबाबदारी उचलली. हे सारे प्रतिबंधाचे काम होते. उपचाराचे औषध त्या काळी या भागात जवळजवळ नव्हतेच.

औषधे कशी काम करतात हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण मोजमापाची गरज तेथूनच निर्माण होते. एचआयव्हीची आनुवंशिक माहिती आरएनए या रेणूत असते. पेशीत शिरल्यावर तो स्वतःच्या रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज या विकराच्या, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाच्या साहाय्याने त्या माहितीची डीएनएमध्ये नक्कल करतो, इंटिग्रेज हे दुसरे विकर ती नक्कल पेशीच्या डीएनएत बसविते आणि प्रोटिएज हे तिसरे विकर नव्या विषाणूंची प्रथिने योग्य जागी कापून त्यांना पक्व करते. झिडोव्हुडिन, लॅमिव्हुडिन, टेनोफोव्हिर, नेव्हिरापिन आणि एफाव्हिरेंझ ही औषधे पहिल्या विकराला अडवितात, डोल्युटेग्राव्हिर दुसऱ्याला, तर रिटोनाव्हिर व नेल्फिनाव्हिर तिसऱ्याला. नक्कल करताना हा विषाणू फार चुका करतो आणि त्यांतील एखादी चूक औषधाला दाद न देणारी निघते. म्हणून एकाच वेळी तीन औषधे दिली जातात, आणि म्हणूनच रक्तातील औषधाची पातळी अर्धवट राहणे हे काही बाबतींत औषध न घेण्यापेक्षाही वाईट ठरते. अर्धवट पातळीत विषाणू मरत नाही, उलट त्यातील प्रतिरोधक प्रकार निवडला जाऊन वाढतो. नेव्हिरापिनची पुढील मात्रा घेण्यापूर्वीची पातळी मिलिलिटरला सुमारे 3 मायक्रोग्रॅमच्या खाली जाऊ नये, एफाव्हिरेंझची पातळी 1 ते 4 मायक्रोग्रॅमच्या दरम्यान असावी, अशा मर्यादा या कारणानेच ठरविल्या गेल्या.

मोजमाप नसल्यावर काय होते याचे उदाहरण पहिल्याच औषधाने दिले. झिडोव्हुडिन हा रेणू अमेरिकेत जेरोम हॉरविट्झ यांनी 1964 मध्ये कर्करोगावरील औषध म्हणून तयार केला होता आणि निरुपयोगी ठरल्याने बाजूला ठेवला होता. एचआयव्हीवरील पहिले औषध म्हणून त्याला मार्च 1987 मध्ये मान्यता मिळाली. रक्तद्रवात, म्हणजे रक्तातील पेशी काढून उरणाऱ्या द्रवात, त्याची मात्रा साधारण तासाभरात निम्मी होते, म्हणून ते दर चार तासांनी, रात्री गजर लावून उठूनसुद्धा घ्यावे असे ठरले आणि रुग्णांच्या पोटात दिवसाला 1200 मिलिग्रॅम औषध जाऊ लागले. रक्ताल्पता झाल्याने अनेकांना ते सोसवेना. पुढे असे दिसले की रक्तद्रवातील मूळ औषध स्वतः काही करीत नाही, पेशीच्या आत त्याला तीन फॉस्फेट जोडले गेल्यावर तयार होणारा रेणू काम करतो आणि तो पेशीत बराच अधिक काळ टिकतो. आज हेच औषध 300 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, म्हणजे पूर्वीच्या निम्म्या मात्रेत दिले जाते. कोठे मोजायचे हे चुकले की किती मोजले याला अर्थ उरत नाही, हा या शास्त्रातील पहिला धडा या औषधाने पुष्कळ किंमत घेऊन शिकविला.

भारतात औषध स्वस्त होण्याची कथा रसायनशास्त्राची आहे तशीच कायद्याचीही आहे. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देणे बंद करून केवळ ते तयार करण्याच्या कृतीवर ठेवले, त्यामुळे वेगळ्या कृतीने तोच रेणू बनविण्याची मुभा भारतीय रसायनतज्ज्ञांना मिळाली. हैदराबाद येथील भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत डॉ. ए. व्ही. रामाराव यांनी झिडोव्हुडिन बनविण्याची कृती विकसित केली आणि सिप्ला कंपनीने ते औषध 1993 मध्ये बाजारात आणले. त्यानंतर फेब्रुवारी 2001 मध्ये सिप्लाचे प्रमुख युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला 350 डॉलरमध्ये देऊ केला, त्या वेळी पाश्चात्त्य देशांत त्याच उपचाराला 10 ते 15 हजार डॉलर पडत होते. स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन एकाच गोळीत घालणेही भारतातच शक्य झाले, कारण त्या तिन्हींची पेटंटे बाहेर तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडे होती. 2003 ते 2008 या काळात गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी देणगीच्या पैशांतून खरेदी झालेल्या एचआयव्ही-औषधांपैकी 80 टक्क्यांहून अधिक भारतीय होती. सिप्लाच्या कारखान्यांपैकी एक दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे आहे, फलटणहून नीरा नदी ओलांडून बारामतीवरून गेले की तो भाग लागतो. भारत सरकारने 1 एप्रिल 2004 पासून मोफत उपचार सुरू केला, तो प्रथम महाराष्ट्रासह अधिक प्रादुर्भावाची सहा राज्ये आणि दिल्ली येथे. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत एआरटी, म्हणजे एचआयव्ही-विरोधी उपचाराची सेंटर निघाली आणि मुंबईची वारी टळली.

या यशोगाथेतील एक प्रकरण मात्र उत्सवी लेखनातून नेहमी गळते. जागतिक आरोग्य संघटनेने 2001 मध्ये औषधांची पूर्व-पात्रता तपासणी सुरू केली होती, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी कोणती औषधे विकत घ्यावीत याची यादी ती करीत असे. स्वस्त औषध मूळ औषधाइतकेच रक्तात उतरते हे सिद्ध करण्यास जैव-समतुल्यता म्हणतात. निरोगी स्वयंसेवकांना आळीपाळीने दोन्ही औषधे देऊन ठरावीक वेळांनी रक्त काढतात, रक्तातील कमाल पातळी आणि एकूण शोषण यांची गुणोत्तरे काढतात आणि त्या गुणोत्तरांचा 90 टक्के विश्वासांतर 80 ते 125 टक्के या पट्ट्यात पूर्णपणे बसला तरच औषध समतुल्य मानतात. 2004 च्या मे महिन्यात संघटनेने सिप्लाची दोन औषधे यादीतून काढली आणि त्याच वर्षी रॅनबॅक्सी या कंपनीची औषधेही गेली, कारण ज्या बाहेरच्या संशोधन संस्थांकडून या चाचण्या करून घेतल्या होत्या, त्यांच्या कामात आणि नोंदींत त्रुटी आढळल्या. औषध निकस आहे असे तेथे सिद्ध झाले नव्हते. ते चांगले आहे हे सिद्ध करणारा कागद विश्वासार्ह राहिला नव्हता. सिप्लाची दोन्ही औषधे वर्षअखेर पुन्हा यादीत आली. हा सारा प्रकार मोठ्या कंपन्यांचा डाव होता असे तेव्हा काहींनी म्हटले, आणि त्या काळचे वातावरण पाहता तसे वाटणे समजण्याजोगे होते. तरीही प्रस्तुत लेखनाचे मत असे आहे की त्या वर्षाच्या कठोरपणाने भारतीय औषधउद्योगाचे हितच केले, कारण किमतीवरून चालणारा वाद तेव्हापासून मोजमापाच्या दर्जाकडे वळला आणि तेथे भारतीय प्रयोगशाळांना उत्तर देता आले.

हे मोजमाप मुख्यतः एचपीएलसी या तंत्राने होते. तत्त्व असे की, अठरा कार्बन अणूंच्या साखळ्या चिकटविलेल्या सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांनी भरलेल्या बारीक नळीतून, जिला कॉलम म्हणतात, पाणी आणि मिथेनॉल किंवा अॅसिटोनायट्राइल यांचे मिश्रण मोठ्या दाबाने सोडतात आणि त्या प्रवाहात गोळीच्या द्रावणाचे काही मायक्रोलिटर टाकतात. पाण्यात सहज विरघळणारा रेणू कणांना फारसा चिकटत नाही आणि आधी बाहेर पडतो, तेलकट स्वभावाचा रेणू रेंगाळतो. लॅमिव्हुडिन, टेनोफोव्हिर आणि एफाव्हिरेंझ यांच्या एकत्रित गोळीत लॅमिव्हुडिन प्रथम येते आणि पाण्यात जवळजवळ न विरघळणारे एफाव्हिरेंझ सर्वांत शेवटी, इतके शेवटी की त्याला बाहेर काढण्यासाठी चालू तपासणीतच मिश्रणातील पाणी कमी करीत न्यावे लागते. बाहेर पडणारा प्रत्येक घटक जंबुपार प्रकाश शोषतो आणि कागदावर एक पीक, म्हणजे शिखर उमटते. शिखर किती वेळाने आले यावरून घटक ओळखतात आणि त्याखालील क्षेत्रफळावरून मात्रा काढतात. ही पद्धत नेमकी आहे, पुन्हा केल्यास तेच उत्तर देते, दुसऱ्या हाताने आणि दुसऱ्या यंत्रावर केली तरी फसत नाही, हे आकड्यांनी दाखविण्याला पद्धतीचे प्रमाणीकरण म्हणतात. त्यातही महत्त्वाची अट अशी की, औषध बिघडल्यावर तयार होणारे पदार्थ मूळ औषधाच्या शिखराखाली लपता कामा नयेत. त्यासाठी औषध मुद्दाम आम्लात, अल्कलीत, हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये, उष्णतेत आणि प्रकाशात ठेवून बिघडवितात आणि मग पद्धत त्या बिघाडाला वेगळे दाखविते का ते पाहतात. टेनोफोव्हिर डिसोप्रॉक्सिलला दमट हवा सोसत नाही, त्यातील एस्टर बंध पाण्याने तुटतात. म्हणूनच त्या गोळ्यांच्या डबीत ओल शोषणारी पुडी असते आणि डबीचे झाकण घट्ट लावावे असे सांगतात. लोकलाजेस्तव गोळ्या मूळ डबीतून काढून दुसऱ्या पुडीत बांधून ठेवणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत हा प्रश्न केवळ रसायनशास्त्राचा राहत नाही.

एचपीएलसीला सारे दिसते असे मानणे मात्र चूक आहे, आणि याची दोन उदाहरणे या औषधांच्याच इतिहासात आहेत. रिटोनाव्हिर 1996 मध्ये बाजारात आले, दोन वर्षांनी त्याच्या कॅप्सूलच्या काही बॅचेस विरघळण्याच्या चाचणीत नापास होऊ लागल्या. रेणू तोच होता, त्याची मात्रा पूर्ण होती, अशुद्धी नव्हती. एचपीएलसीच्या दृष्टीने औषध निर्दोष होते. क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना तपासल्यावर कळले की, त्याच रेणूंनी पूर्वी न दिसलेली दुसरी स्फटिकरचना धारण केली होती, ती अधिक स्थिर व म्हणून कितीतरी कमी विद्राव्य होती आणि तिचे सूक्ष्म कण जेथे पोहोचले तेथे जुने रूप बनविणेच अवघड होऊन बसले. कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या आणि रुग्णांना काही काळ अत्यंत वाईट चवीच्या द्रवरूप औषधावर राहावे लागले. दुसरे उदाहरण 2007 चे. नेल्फिनाव्हिरच्या गोळ्यांना विचित्र वास येतो अशी रुग्णांनी तक्रार केली आणि शोध घेता त्यांत इथाइल मिथेनसल्फोनेट हा आनुवंशिक द्रव्याला इजा करणारा पदार्थ सापडला. कारखान्यातील टाकी इथेनॉलने धुतली होती, ते पुरते काढले गेले नव्हते आणि त्याची टाकीतील मिथेनसल्फोनिक आम्लाशी क्रिया होऊन हा पदार्थ तयार झाला होता. युरोपातून ते औषध मागे घेण्यात आले. प्रयोगशाळेच्या आधी रुग्णाच्या नाकाने अशुद्धी पकडली, याचे कारण त्या पदार्थाचा शोध कोणी घेतच नव्हते. विश्लेषण जे विचारले जाते त्याचेच उत्तर देते, आणि काय विचारायचे हे रसायनतज्ज्ञाला उत्पादनाची कृती टप्प्याटप्प्याने ठाऊक असल्याखेरीज कळत नाही.

गोळीकडून रक्ताकडे वळले की अडचण वाढते, कारण रक्तद्रव म्हणजे प्रथिने, मेद आणि क्षार यांची दाट सरमिसळ. प्रथिने साकळवून खाली बसवितात, वरच्या निवळीत उरलेले औषध कॉलममधून काढतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रात विद्युत्भारित करून त्याचे वस्तुमान पाहतात. मग त्याच रेणूचे तुकडे करून ठरावीक वस्तुमानाचा तुकडा मिळतो का हेही तपासतात, त्यामुळे हजारो पदार्थांच्या गर्दीतही ओळख चुकण्याची शक्यता फार कमी राहते. नमुन्यात आरंभीच त्याच औषधाचे, पण काही हायड्रोजन अणूंच्या जागी जड हायड्रोजन बसविलेले रूप ठरावीक मात्रेत मिसळतात, म्हणजे हाताळताना जे काही सांडते-लोटते ते दोहोंचे सारखेच सांडते आणि गुणोत्तर ढळत नाही. या यंत्रांची किंमत कोटींच्या घरात जाते, म्हणून रुग्णाच्या रक्तातील औषध मोजणे भारतात नित्याच्या उपचाराचा भाग झाले नाही, ते संशोधन संस्थांपुरते राहिले. तरीही त्या मोजक्या संशोधनाने दैनंदिन उपचार बदलले. एचआयव्हीच्या जोडीला क्षयरोग असणे भारतात वारंवार आढळते आणि क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन यकृतातील विकरांना इतके उद्युक्त करते की इतर औषधे लवकर नष्ट होऊ लागतात. चेन्नईच्या क्षयरोग संशोधन केंद्रात डॉ. सौम्या स्वामिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांत दिवसातून एकदा नेव्हिरापिन आणि दिवसातून एकदा एफाव्हिरेंझ यांची तुलना केली; नेव्हिरापिनच्या गटातील निष्फळता पाहून त्या चाचणीत नवे रुग्ण घेणे थांबवावे लागले आणि 2011 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रिफॅम्पिसिनमुळे डोल्युटेग्राव्हिरही लवकर नष्ट होते, म्हणून क्षयरोगाचे उपचार चालू असेतो ते 50 मिलिग्रॅम एकदाऐवजी दोनदा देतात.

डोल्युटेग्राव्हिरची आणखी एक खोड ग्रामीण रुग्णाच्या दृष्टीने जवळची आहे. या रेणूतील ऑक्सिजन अणू लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अॅल्युमिनियम यांच्या आयनांना चिमट्यात धरतात. इंटिग्रेजच्या गाभ्यातील मॅग्नेशियम आयनांना असेच धरून ते विषाणूला अडविते, आणि नेमका हाच गुण पोटात त्याच्या मुळावर येतो. गरोदर स्त्रीला उपकेंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या किंवा ‘ॲसिडिटी’वरचे पांढरे औषध रिकाम्या पोटी त्याच वेळी घेतले, तर डोल्युटेग्राव्हिर आतड्यातच अडकते आणि रक्तातील पातळी घसरते. उपाय साधा आहे: डोल्युटेग्राव्हिर त्या गोळ्यांच्या किंवा औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावे, अथवा लोह-कॅल्शियम असेल तर दोन्ही जेवणासोबत घ्यावे. सध्या देशात प्रथम दिली जाणारी टीएलडी गोळी, म्हणजे 300 मिलिग्रॅम टेनोफोव्हिर डिसोप्रॉक्सिल फ्युमरेट, 300 मिलिग्रॅम लॅमिव्हुडिन आणि 50 मिलिग्रॅम डोल्युटेग्राव्हिर, घेणाऱ्या प्रत्येक स्त्रीपर्यंत हे वाक्य काउन्सेलरच्या तोंडून पोहोचणे हे या साऱ्या महागड्या यंत्रांच्या कामाचे शेवटचे टोक आहे.

माणसामाणसांतील फरकही रक्तातूनच कळला. एफाव्हिरेंझ नष्ट करणारे यकृतातील एक विकर काही व्यक्तींत जन्मतःच मंद असते आणि अशा व्यक्तींची संख्या भारतीयांत बरीच आहे. त्यांच्या रक्तात औषध साठत जाते आणि चक्कर, भयंकर स्वप्ने, उदासी हे त्रास होतात. रुग्ण औषध टाळतो म्हणून त्याला दोष देण्यापूर्वी त्याच्या रक्तात औषध किती आहे हे पाहावे, ही जाणीव या मोजमापांनी दिली. औषध नियमित घेतले का हे पाहण्याच्या पद्धतीही आता सूक्ष्म झाल्या आहेत: बोटाच्या टोकाचा रक्ताचा थेंब जाड कागदावर सुकवून त्यातील तांबड्या पेशींत साठलेले टेनोफोव्हिर-डायफॉस्फेट मोजले तर, त्याचे अर्धायुष्य, म्हणजे मात्रा निम्मी होण्याचा काळ, सुमारे 17 दिवसांचे असल्याने, मागच्या महिना-दोन महिन्यांची सवय कळते, केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणून केसाच्या तुकड्यातील औषधावरून महिनावार हिशेब लावता येतो. सुकलेला थेंब शीतपेटीशिवाय टपालाने जाऊ शकतो, त्यामुळे फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणाहून दूरच्या प्रयोगशाळेपर्यंत नमुना नेण्याची ही सर्वांत व्यवहार्य वाट आहे.

महाराष्ट्रातील औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांतून या औषधांच्या विश्लेषणावर विपुल लेखन झाले आहे आणि त्याबद्दल स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. एम.फार्म.च्या प्रबंधांत आणि नियतकालिकांत ‘अमुक औषधाच्या मोजणीची नवी पद्धत व तिचे प्रमाणीकरण’ या शीर्षकाचे शोधनिबंध इतके आढळतात की एकाच गोळीसाठी डझनावारी पद्धती उपलब्ध आहेत, आणि त्यांतील बहुतेक पद्धती लेखकाच्या प्रयोगशाळेबाहेर कोणी वापरलेल्या नाहीत. विद्यार्थ्याचा हात त्यातून तयार होतो, हा लाभ खरा आहे. कुरकुंभ, पाताळगंगा, गोवा येथील कारखान्यांच्या गुणनियंत्रण विभागांत बसणारी पिढी अशाच सरावातून घडली. पण शुद्ध पदार्थाची किंवा दुकानातून आणलेल्या गोळीची मात्रा पुन्हा एकदा मोजण्यापेक्षा, उन्हाळाभर घरात राहिलेल्या गोळीची, दुसऱ्या पुडीत बांधलेल्या गोळीची आणि सुकलेल्या रक्तथेंबाची मात्रा मोजणे अधिक उपयोगाचे ठरले असते. त्या कामाला रुग्णालय आणि प्रयोगशाळा यांची सांगड लागते, नैतिक समितीची परवानगी लागते, रुग्णाची ओळख गुप्त ठेवण्याची शिस्त लागते. 2017 च्या एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने ती शिस्त बंधनकारकही केली आहे. अडचण आहे ती या साऱ्याची जुळणी करण्याची.

पुढील काळातील मोजमाप आणखी वेगळे असणार आहे, कारण औषध रोजच्या गोळीतून निघून टोचणीत जात आहे. लेनाकॅपाव्हिर हे औषध विषाणूच्या जनुकद्रव्याभोवतीच्या प्रथिनकवचावर काम करते आणि त्वचेखाली टोचल्यावर तेथे साठून सहा महिने झिरपत राहते. प्रतिबंधासाठी त्याला अमेरिकेत जून 2025 मध्ये मान्यता मिळाली. गरीब देशांसाठी ते स्वस्तात बनविण्याचे परवाने ऑक्टोबर 2024 मध्ये ज्या सहा कंपन्यांना देण्यात आले, त्यांत पुण्याची एमक्युअर आहे. गोळीची जैव-समतुल्यता काही दिवसांच्या रक्तनमुन्यांत ठरते. अशा टोचणीची ठरविण्यासाठी महिनोन्‌महिने, मिलिलिटरला नॅनोग्रॅम इतक्या पातळीपर्यंत मोजावे लागेल, आणि टोचणी थांबविल्यावर रक्तात दीर्घकाळ रेंगाळणारी अपुरी पातळी विषाणूला प्रतिरोध शिकविते का, हेही त्याच नमुन्यांतून पाहावे लागेल.